पाचशे चार गुण आणि एक अर्ज

अमेरिकन फुटबॉल मला आवडायला बरीच वर्षं लागली, आणि आवडला तोही शंभर वर्षांपूर्वीचा. आजचा टीव्हीवरचा खेळ मला अजूनही जाहिरातींमधून उरलेल्या वेळात उरकल्यासारखा वाटतो. पण पेनसिल्व्हेनियात राहायचं तर सप्टेंबर ते डिसेंबर दुसऱ्या कशावर बोलायची सोय नसते. म्हटलं, आहेच तर मुळापासून वाचू. वाचता वाचता कार्लाइलपाशी आले आणि तिथेच अडकले. त्या एका संघाचा १९१२ चा हंगाम मी इतक्या वेळा वाचला आहे की आता सामन्यांचे निकाल तोंडपाठ झालेत.

कार्लाइल हे हॅरिसबर्गच्या पश्चिमेला, मोटारीने अर्ध्या तासावरचं गाव. तिथे लष्कराच्या जुन्या बराकी होत्या. कॅप्टन रिचर्ड हेन्री प्रॅट नावाच्या अधिकाऱ्याने १८७९ मध्ये त्यांत मूलनिवासी मुलांसाठी सरकारी निवासी शाळा काढली. पहिली मुलं आली ती डकोटाच्या माळरानावरून, लाकोटांच्या वस्त्यांमधून. पोहोचताच त्यांचे केस कापले, अंगावरचे कपडे काढून गणवेश चढवले, आपापसातसुद्धा घरची भाषा बोलायला बंदी घातली. ल्यूथर स्टँडिंग बेअर या पहिल्या तुकडीतल्या मुलाने पुढे लिहून ठेवलं आहे: फळ्यावर काही खुणा काढलेल्या होत्या, हातात छडी दिली आणि त्यातली एक दाखवायला सांगितलं. त्याने दाखवली. ते त्याचं नाव झालं. प्रॅटचं ब्रीद त्याच्याच १८९२ च्या भाषणातलं आहे: त्याच्यातला इंडियन (म्हणजे मूलनिवासी) मारा, माणूस वाचवा. तो हे निर्दयपणे म्हणत नव्हता. त्याला ते खरोखर उदात्त वाटत होतं, आणि मला याचीच जास्त भीती वाटते.

या शाळेतल्या मुलांच्या फायली आता गावातल्याच डिकिन्सन कॉलेजने संगणकावर सगळ्यांसाठी खुल्या केल्या आहेत. मी एका रविवारी सहज उघडल्या आणि संध्याकाळ गेली. प्रत्येक मुलामागे एक छापील कार्ड. इंग्रजी नाव. इंडियन नाव (हा रकाना पुष्कळदा कोराच). जमात. आईवडील हयात की मृत. रक्ताचं प्रमाण: पूर्ण, अर्धं, पाव. उंची, वजन. कधी आला, किती वर्षांसाठी, कधी गेला, का गेला. आणि खाली एक तक्ता, ‘खेड्याकडे’ आणि ‘खेड्याहून परत’ असा. मुलांना सुट्टीत घरी जाऊ द्यायचं नाही, आसपासच्या गोऱ्या शेतकऱ्यांकडे कामाला धाडायचं, अशी शाळेची पद्धत होती. त्या येण्याजाण्याच्या या तारखा. फुटबॉलमधले नामवंतही याच कार्डांवर आहेत. जिम थॉर्पही अशा घरांतून राबला. त्या तक्त्यात टचडाउनला, म्हणजे चेंडू समोरच्याच्या रेषेपार नेऊन मिळवलेल्या गुणांना, जागा नाही.

फुटबॉल शाळेत आला तो मुलांच्या हट्टाने. १८९० च्या सुमारास एका मुलाचा पाय मोडला म्हणून प्रॅटने बाहेरच्या संघांशी खेळायला बंदी केली होती. मग पोरांचं शिष्टमंडळ त्याच्या कचेरीत गेलं. प्रॅट विरघळला, पण दोन अटींवर: समोरच्याने मारलं तरी तुम्ही हात उगारायचा नाही, आणि काही वर्षांत देशातल्या मोठ्यात मोठ्या संघाला हरवून दाखवायचं. पहिली अट त्यांनी जमेल तशी पाळली. दुसरी चोख पाळली.

१८९९ मध्ये प्रशिक्षक म्हणून ग्लेन वॉर्नर आला. सगळे त्याला ‘पॉप’ म्हणत. मधली तीन वर्षं वगळता १९१४ पर्यंत तो कार्लाइलमध्ये होता. खेळातलं त्याचं डोकं अफाट आणि जरा इरसाल. १९०३ मध्ये हार्वर्डविरुद्ध त्याच्या संघाने चेंडू चार्ली डिलनच्या जर्सीत पाठीमागून खुपसला. डिलन रिकाम्या हातांनी पळत सुटला आणि हार्वर्डवाले चेंडू शोधत राहिले, तोवर त्याने टचडाउन केलं होतं. पुढे एकदा त्याने खेळाडूंच्या जर्सीवर चेंडूच्या आकाराची ठिगळं शिवून घेतली, म्हणजे चेंडू नक्की कुणाकडे आहे ते समोरच्याला कळू नये. नियमांत ‘असं करू नये’ असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. वॉर्नर नियमांचं पुस्तक वाचायचा ते त्यात काय नाही हे बघायला.

तेव्हाचा खेळ म्हणजे बराचसा ढकलाढकलीचा. १९०५ च्या एका मोसमात देशभरात किमान अठरा मुलं मैदानावरच्या दुखापतींनी दगावली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. त्यानंतर नियम बदलत गेले. १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली. मोठ्या कॉलेजांना ही फेकाफेकी मर्दानी वाटेना. कार्लाइलची पोरं मात्र वजनाने हलकी, पायांनी चपळ. ढकलाढकलीत त्यांचा टिकाव लागणं अवघड होतं. त्यांनी हा नवा नियम उचलला आणि १९०७ मध्ये बलाढ्य पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला त्यांच्याच मैदानावर २६–६ असं लोळवलं. आज प्रत्येक सामन्यात दिसणारा तो लांब, फिरत जाणारा पास गंभीरपणे वापरणाऱ्या पहिल्या काही संघांत ही शाळा होती. आजच्या समालोचकांच्या तोंडी हे नाव मी क्वचितच ऐकलं आहे.

१९१२ मध्ये आणखी मोठी उलथापालथ झाली. टचडाउनचे पाचाऐवजी सहा गुण झाले. मैदान शंभर यार्डांचं झालं, दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांची पट्टी आली, पासच्या लांबीवरची मर्यादा उठली. आणि दहा यार्ड पुढे सरकायला तीनाऐवजी चार संधी मिळू लागल्या. ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी: कबड्डीत जशी चढाईमागून चढाई, तशी इथे खेळीमागून खेळी असते आणि दर खेळीआधी सगळे पुन्हा आपापल्या जागी उभे राहतात. चार खेळ्यांत दहा यार्ड गेलात तर पुढच्या चार मिळतात, नाहीतर चेंडू समोरच्याचा. बचाव आणि चढाई तेच अकरा जण करायचे. आणि मला सर्वात आवडणारा नियम: मैदानाबाहेरून सूचना द्यायला प्रशिक्षकाला मनाई होती. वॉर्नरने आठवडाभर काय हवं ते शिकवावं, शनिवारी मात्र त्याने गप्प बसायचं. पुढची खेळी कोणती, हे क्वार्टरबॅक, म्हणजे मैदानावरचा सूत्रधार खेळाडू, ठरवणार.

कार्लाइलचा क्वार्टरबॅक होता गस वेल्श. विस्कॉन्सिनचा, ओजिब्वे जमातीचा, लहानपणीच पोरका झालेला. त्याच्यामागे हाफबॅकच्या जागी जिम थॉर्प आणि अलेक्स अर्कासा, फुलबॅक स्टॅन्सिल पॉवेल. पुढच्या फळीत जो गायॉन. वेल्श आणि गायॉन ओजिब्वे, थॉर्प सॅक अँड फॉक्स, अर्कासा कोलव्हिलचा, पॉवेल चेरोकी. वर्तमानपत्रं त्यांना एकाच पिशवीत टाकून ‘रेडस्किन्स’ म्हणत आणि मथळ्यांत कुऱ्हाडी, कवट्यांची कातडी असलं काहीबाही लिहीत. वेल्श आणि गायॉन सोडले तर या मुलांच्या घरच्या भाषा एकमेकांना कळणाऱ्या नव्हत्या.

थॉर्प कर्णधार होता. त्या उन्हाळ्यात तो स्टॉकहोमहून पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन अशी दोन सुवर्णपदकं घेऊन आला होता. शाळेचाच हॉपी धावपटू लुई ट्वानिमा याने १०,००० मीटरमध्ये रौप्य मिळवलं होतं. ऑगस्टमध्ये कार्लाइल गावाने दोघांचा जंगी सत्कार केला, न्यूयॉर्कमध्ये मिरवणूक निघाली. त्यानंतर महिन्याभरात थॉर्प फुटबॉलच्या मैदानात उभा. आजचा खेळाडू वर्षभर मुलाखती देत बसला असता.

२१ सप्टेंबरला हंगाम सुरू झाला. अल्ब्राइट ५०–७. चार दिवसांनी लेबनन व्हॅली ४५–०. आणखी तीन दिवसांनी डिकिन्सन ३४–०. चार दिवसांनी व्हिलानोव्हा ६५–०. बारा दिवसांत चार सामने. पाचवा वॉशिंग्टन अँड जेफरसनशी, तो ०–० असा कोरा सुटला. एवढ्या गुणांच्या राशीत तो एकच निकाल तोंडात खडा आल्यासारखा लागतो. मग सिरॅक्यूज ३३–०, पिट्सबर्ग ४५–८. २६ ऑक्टोबरला शनिवारी वॉशिंग्टन शहरात जॉर्जटाउनला ३४–२०, आणि सोमवारी थेट कॅनडात टोरोंटोच्या निवडक संघाला ४९–१. त्यानंतर लीहाय ३४–१४.

हे सगळं खेळायचं आगगाडीतून फिरत. मोठे सामने जवळजवळ सगळे परक्या मैदानावर, कारण प्रेक्षक आणि तिकिटाचे पैसे तिथे. न्याय म्हणून हेही सांगायला हवं की कार्लाइल हे काही कॉलेज नव्हतं, तिथलं पुस्तकी शिक्षण फार वर जात नसे, आणि संघातले बरेच जण विशीतले बाप्ये होते. समोरचे संघ याबद्दल कुरकुरत. अर्थात त्या काळी पात्रतेच्या नियमांबाबत कुणाचेच हात स्वच्छ नव्हते.

९ नोव्हेंबरला वेस्ट पॉइंट. लष्कराच्या अकादमीचा संघ, त्यांचंच मैदान. हा सामना पुढे इतक्यांनी इतक्या वेळा सांगितला की खरं-खोटं निवडत बसावं लागतं. वुंडेड नीला सैन्याने लाकोटांचं हत्याकांड केलं त्याला त्या वर्षी बावीस वर्षं झाली होती. सामन्याआधी वॉर्नरने पोरांना त्याची आठवण करून दिली, यांच्या बापांनी तुमच्या बापांना मारलं असं सांगितलं, अशी कथा आहे. तो बोललाही असेल. एक गोरा प्रशिक्षक, ज्याचा त्या माळरानाशी काडीचा संबंध नाही, तो चेरोकी आणि कोलव्हिल मुलांना लाकोटांच्या मढ्यांची आठवण देऊन तिकिटांच्या सामन्यासाठी पेटवतो: ऐकायला झकास, पण मला ते पोटात घालता येत नाही. ही मुलं उत्तम खेळत होती. त्यासाठी त्यांना सूडाची गरज होती असं आधीच्या दहा निकालांवरून तरी वाटत नाही.

आर्मीने आधी टचडाउन केलं, ६–० अशी आघाडी घेतली. मग कार्लाइलने सूत्रं हातात घेतली. थॉर्प इतका प्रसिद्ध झाला होता की बचाव करणाऱ्यांचे डोळे त्याच्यावर खिळलेले. वेल्शने त्याचा फायदा उठवला. थॉर्प एका बाजूला मुसंडी मारणार असं दिसायचं, आणि चेंडू अर्कासाकडे. त्या दिवशी अर्कासाने तीन टचडाउन केली, थॉर्पच्या नावावर एकही नाही. त्याचं एक झालं होतं, किक पकडून साऱ्या संघामधून वाट काढत. पण सोबत्याच्या चुकीमुळे पंचांनी ते रद्द केलं. सांगणाऱ्यांच्या तोंडी त्या धावेची लांबी वर्षागणिक वाढत गेली आहे.

आर्मीचा कर्णधार डेव्होर धिप्पाड गडी. त्याच्यासमोर गायॉन, वजनाने कितीतरी कमी. गायॉन त्याला दर खेळीत बाजूला सारत होता. शेवटी डेव्होरचं डोकं फिरलं आणि तो गायॉनच्या अंगावर धावून गेला. पंचांनी त्याला बाहेर काढलं. इकडे पॉवेललाही गुद्दा मारल्याबद्दल काढलं, म्हणजे प्रॅटची पहिली अट त्या दिवशी मोडलीच. ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा एक कॅडेट आणि त्याचा जोडीदार बेनेडिक्ट यांनी ठरवलं की थॉर्पला दोघांनी मिळून पाडायचं. थॉर्प नेमक्या क्षणी थबकला, दोघे एकमेकांवर आदळले, आणि दोघांनाही मैदान सोडावं लागलं. पुढच्या आठवड्यात टफ्ट्सविरुद्ध आयझेनहॉवरचा गुडघा गेला आणि त्याचा फुटबॉल संपत आला. पुढे तो दुसऱ्या महायुद्धात सरसेनापती झाला, राष्ट्राध्यक्ष झाला. म्हातारपणी भाषणांत थॉर्पची आठवण मात्र काढायचा, आपण पाहिलेला सर्वांत मोठा खेळाडू म्हणून. निकाल २७–६.

आणि मग पुढच्याच शनिवारी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना ३४–२६ असं हरवलं! हंगामातली एकमेव हार. या सामन्यावर कुणी फार लिहीत नाही. मला तो आवडतो, कारण त्यात ही मुलं देवदूत राहत नाहीत. लागोपाठ अकरा सामने, आगगाडीतल्या झोपा, दुखणारी अंगं, आणि आर्मीला हरवल्यानंतरचा तो सैलपणा. त्यानंतर स्प्रिंगफील्डला कसंबसं ३०–२४. शेवटी थँक्सगिव्हिंगच्या दिवशी ब्राउनला ३२–०. चौदा सामने, बारा विजय, एक हार, एक बरोबरी. ५०४ गुण केले, ११४ दिले. एकट्या थॉर्पची किमान पंचवीस टचडाउन.

या गुणांचे पैसे कुठे गेले, हे वाचायला लागल्यावर मजा ओसरते. दारावरच्या पैशांतून शाळेचा ‘अ‍ॅथलेटिक फंड’ उभा राहिला होता. त्यातून कलादालन बांधलं, वॉर्नरला राहायला घर बांधलं, कधी काळी खेळाडूंना कोट, ओव्हरकोट आणि थोडी रोकडही मिळाली. त्याचा हिशेब मागणारं कुणी नव्हतं. मुलांमधला इंडियन पुसायचा म्हणून ही शाळा उभी होती आणि खर्चाला हातभार लागत होता तो त्यांना इंडियन म्हणून मैदानात दाखवून. फिलाडेल्फियात किंवा न्यूयॉर्कमध्ये तिकीट काढणारा माणूस तेच बघायला येत होता.

जानेवारी १९१३ मध्ये वूस्टरच्या एका वर्तमानपत्राने छापलं की थॉर्प १९०९ आणि १९१० च्या उन्हाळ्यात नॉर्थ कॅरोलायनात पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. ऑलिम्पिक हौशी खेळाडूंसाठी असल्याने बोभाटा झाला. कॉलेजची कितीतरी मुलं त्या काळी उन्हाळ्यात हेच करत, खोट्या नावांनी. थॉर्प स्वतःच्या नावाने खेळला होता. वॉर्नर आणि शाळेचे अधीक्षक फ्रीडमन यांनी हात वर केले, आम्हांला कल्पनाच नव्हती. थॉर्पच्या सहीचं एक माफीपत्र गेलं: मी एक साधा इंडियन शाळकरी मुलगा, मला या गोष्टी कळत नव्हत्या. त्याची भाषा वॉर्नरची असावी असं अभ्यासक मानतात, आणि वाचताना मलाही तसंच वाटलं. ज्या पोराने दोन वर्षं घर सोडून त्या लीगमध्ये पोट भरलं तो इतका भाबडा नव्हता. हरकत घ्यायची मुदत नियमाप्रमाणे तीस दिवसांची होती. ती केव्हाच उलटली होती. तरी पदकं गेली. १९८२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर एकोणतीस वर्षांनी, त्याला ‘संयुक्त विजेता’ केलं. एकमेव विजेता म्हणून नाव लागायला २०२२ उजाडलं.

थॉर्पची ही कहाणी सगळ्यांना माहीत असते. वेल्शची नसते, आणि त्या हंगामातला माझा माणूस तोच.

तो शाळेतच राहिला होता. शाळेची अवस्था बिघडत चालली होती: जेवण अपुरं, मारहाण, फंडाच्या हिशेबात घोळ, फ्रीडमनवर मुलांचा काडीचा विश्वास नाही. आजवर शाळेविरुद्ध मुलांकडे एकच उपाय होता, पळून जाणं, आणि शेकडो जण पळालेही. वेल्शने अर्ज लिहवला. सरकारने शाळेची चौकशी करावी, अशा मागणीवर त्याने दोनशेहून अधिक मुलामुलींच्या सह्या गोळा केल्या. सही करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं की रात्री झोपायचं याच बराकीत आणि सकाळी कवायतीला उभं राहायचं याच लोकांपुढे. वसतिगृहात एक कागद हातोहात फिरवणं, मास्तरांच्या नजरेला न पडू देणं, घाबरलेल्याला बाजूला घेऊन समजावणं. या कामाचा सामन्यासारखा वृत्तान्त कुणी छापला नाही.

अमेरिकी संसदेची, म्हणजे काँग्रेसची, संयुक्त समिती १९१४ च्या सुरुवातीला कार्लाइलला आली आणि मुलांच्या साक्षी झाल्या. बँडमास्तरने एका मुलीला बेदम मारल्याचं पुढे आलं. हॉटेलांच्या दिवाणखान्यांत सामन्यांची तिकिटं खपत, आणि त्यांच्या पैशांचं काय होई, हेही विचारलं गेलं. वेल्शने स्वतःच्या प्रशिक्षकाविरुद्ध साक्ष दिली. वॉर्नर प्रशिक्षक म्हणून चांगला आहे, पण माणूस म्हणून त्याला तत्त्व नाही. तो पोरांना शिव्या देतो, हात टाकतो. ज्याच्या डावपेचांनी वेल्शचं नाव देशभर गाजलं होतं, त्याच्याबद्दल हे, समितीसमोर, शपथेवर. वय जेमतेम विशीच्या पुढचं.

फ्रीडमनला पद सोडावं लागलं. वॉर्नरवर आरोप असे काही चिकटले नाहीत. तो १९१४ चा हंगाम संपवून पिट्सबर्गला गेला आणि लगेच अपराजित संघ घडवले. आजही अमेरिकेत लहान मुलांच्या फुटबॉल लीगला त्याचंच नाव आहे. आमच्या गल्लीतली पोरं शनिवारी सकाळी ‘पॉप वॉर्नर’ला जातात, त्यांच्या आयांनाही तो कोण ते ठाऊक नसतं. मी एकीला सांगायला गेले तर ती म्हणाली, बाई, मला फक्त त्याच्या हेल्मेटचे पैसे ठाऊक आहेत.

कार्लाइलचा संघ त्यानंतर पुन्हा तसा उभा राहिला नाही. शाळा १९१८ मध्ये बंद झाली, बराकी लष्कराकडे परत गेल्या. तिथेच मेलेल्या मुलांची दफनभूमी मात्र राहिली, तीही पुढे एकदा हलवून दुसरीकडे मांडलेली. २०१७ पासून लष्कर ती कलेवरं थोडी थोडी करून त्यांच्या जमातींकडे परत पाठवतं आहे, आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये ती जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झाली.

वेल्शने डिकिन्सनमधून कायद्याची पदवी घेतली. पहिल्या महायुद्धात तो लष्करी अधिकारी होता, म्हणजे सगळ्या मूलनिवासींना अमेरिकेचं नागरिकत्व देणारा १९२४ चा कायदा यायच्या कितीतरी आधी. नंतर वॉशिंग्टन राज्यातल्या कॉलेजात चार हंगाम फुटबॉल शिकवला, मग हॅस्केलमध्ये, मूलनिवासी मुलांच्याच दुसऱ्या एका शाळेत. शेवटी व्हर्जिनियात मुलांसाठी उन्हाळी शिबिर चालवत राहिला. १९७० मध्ये तो वारला, आणि पाच वर्षांनी कॉलेज फुटबॉलच्या मानकऱ्यांच्या यादीत त्याचं नाव गेलं, क्वार्टरबॅक म्हणून.